दचकलेल्या माणसाचा एक्स-रे

"मॅडम, दचकलेल्या माणसाचा एक्स-रे निघतो का ओ?"

नांदेडच्या आमच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला लागून जेमतेम आठवडा झाला होता. दारात एक उंच, सावळा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस उभा होता. शर्टाच्या खिशावर हिरवा डाग आणि बोटं पिवळी. घरात कुणीतरी पडलंबिडलं असेल आणि नव्या मॅडमचं एक्स-रेवर काम आहे एवढंच ऐकून हे गृहस्थ चौकशीला आले असतील, असं मला वाटलं. मी त्यांना वजिराबादेतल्या एका दवाखान्याचा रस्ता सांगितला, वर गर्दी टाळायची तर सकाळी जा असंही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दवाखाना माहीत हाय मला," ते म्हणाले. "पण माझा पेशंट लई बारका हाय. मी रसायनशास्त्राचा बिरादार."

पेशंट म्हणजे एक रेणू होता. मध्ये तांब्याचा एक अणू आणि त्याला दोन बाजूंनी धरून बसलेले दोन चपटे तुकडे, एकमेकांना काटकोनात. सर हे तळहातांनी दाखवायचे, एक हात उभा, दुसरा आडवा. "हे असं निवांत बसलेलं असतंय. ह्याच्यावर उजेड पडला की..." आणि दोन्ही तळहात हळूच एकमेकांकडे कलायचे. "असं व्हत असंल. असंल म्हणून राहिलो मी. बघितलंय कुणी?"

बघणं सोपं नव्हतं. ती उजेड लागल्यानंतरची अवस्था टिकते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. स्फटिकाचा नेहमीचा क्ष-किरण फोटो काढला तर निवांत बसलेला रेणूच दिसणार. सरांच्या भाषेत तो लग्नातला फोटो, समदे ताठ, समदे गुणी. सरांना हवा होता तो वेगळाच.

मी त्यांना सांगितलं, की परदेशात मैलभर घेराची यंत्रं आहेत. त्यांतून क्ष-किरणांचे अगदी क्षणिक झोत निघतात. स्फटिकावर आधी लेझरचा उजेड पाडायचा आणि ठरलेल्या अंतराने मागून क्ष-किरणांचा झोत सोडायचा. असं पुन:पुन्हा करत राहिलं की हळूहळू चित्र उभं राहतं.

"म्हणजे आधी टिचकी, मंग फोटो."

"तसंच म्हणा."

"म्हणजे निघतो."

"निघतो सर. पण आपल्याकडं नाही."

"निघतो ना? बास," असं म्हणून ते समोरच्या खुर्चीत बसले, आणि पुढची अकरा वर्षं दुपारच्या चहाला त्याच खुर्चीत बसत राहिले. ती खुर्ची माझ्या केबिनमध्ये अजून आहे. तिच्यावर मी कुणाला बसवत नाही, फायली ठेवते.

बिरादार सर शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातले. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "अण्णानं केलंय की." अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. घरात एकालाच शिकवणं जमण्यासारखं होतं, तेव्हा अण्णांनी सातवीत दप्तर खुंटीला लावलं आणि औत धरलं. हे सरांनी मला एकदाच सांगितलं, तेही परीक्षेच्या हॉलवर, उत्तरपत्रिका मोजता मोजता. मी काही बोलणार तेवढ्यात "तुमची एक पुरवणी कमी हाय बगा," म्हणून विषय मिटवला.

वर्गात त्यांची एक रीत होती. प्रश्न विचारला की पोरांनी लगेच उत्तर द्यायचं नाही. "सबूर," म्हणायचे आणि मनातल्या मनात सातपर्यंत मोजायचे. घाईनं आलेलं उत्तर पाठ केलेलं असतं, असं त्यांचं मत. ही सवय त्यांनी स्टाफरूममध्येही सोडली नाही. प्राचार्यांनी काही विचारलं तरी हे सातपर्यंत मोजणार. प्राचार्य बिचारे दुसराच प्रश्न विचारून मोकळे व्हायचे. डबा ते उभ्यानेच खात, रसायनांच्या कपाटासमोर. जवारीची भाकरी, त्यावर शेंगाची चटणी, हातावरच. बसून का खात नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "बसलं की झोप येती, आणि झोप आली की कपाटाला कुलूप लावायचं राहतंय."

स्नेहसंमेलनाच्या ग्रुप फोटोची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सगळा स्टाफ मैदानात ओळीने उभा, पुढे खुर्च्यांवर प्राचार्य आणि मंडळी. फोटोग्राफरने "रेडी" म्हटलं, आणि मागून धाडकन स्टीलची परात आदळली. त्याच क्षणी क्लिक. एका मॅडमचा हात छातीवर, मराठीच्या सरांचं तोंड उघडं, प्राचार्य खुर्चीतून निम्मे उठलेले. परात टाकणारा शिपाई आणि क्लिक करणारा फोटोग्राफर, दोघांनाही बिरादार सरांनी सकाळपासून तालीम दिली होती, हे नंतर उघडकीला आलं. आधी क्लिक केलं तर सगळे ताठ, उशिरा केलं तर सगळे हसताना किंवा रागावताना. मधला एवढासा क्षण पकडायला तालमीत परातीला आठ वेळा पडावं लागलं होतं. प्राचार्यांनी सरांकडे लेखी खुलासा मागितला. सरांनी दिला, चांगला दोन पानी, आकृतीसह. तो फोटो त्यांच्या ड्रॉवरमध्ये असायचा. त्यात न दचकलेला माणूस एकच, कडेला उभे असलेले स्वत: सर, बाकीच्यांकडे प्रेमानं बघत.

खरी अडचण वेगळीच होती. परदेशी यंत्र मिळेल तेव्हा मिळेल, आधी स्फटिक तर हवा. सरांचा पदार्थ लालभडक असायचा, पण त्याला हवेतला ऑक्सिजन सोसायचा नाही. स्फटिक धरायला महिना-दीड महिना लागणार, आणि तेवढ्यात कुठून तरी हवा शिरून द्रावण हिरवं पडणार. मोठ्या संस्थांत यासाठी बंद काचपेट्या असतात. आमच्याकडे नायट्रोजनची एक टाकी होती आणि तिचा नळ गळका होता. शिवाय समोरच्या रस्त्यावरून ट्रक गेला की टेबल थरथरायचं. वर्षानुवर्षं मी त्या खिडकीत हिरव्या बाटल्यांची ओळ बघत आले. सर त्या रोज बघायचे, झाकण लावायचे आणि नवीन लाल द्रावण करायला घ्यायचे. मला कधी कधी रागच यायचा त्यांचा. माणसानं किती वेळा हरावं याला काही सीमा?

मग एका दिवाळीनंतर ते गावाहून आले ते हसतच. "मॅडम, पेवात कंदील का इझतो ओ?"

पेव म्हणजे जमिनीतलं जवारीचं कोठार, वर शिळा ठेवून चिखलानं लिंपून टाकलेलं. आमच्या मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असतं, की पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही. अर्धा दिवस तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणूस उतरणार. आतलं धान्य श्वास घेतं, ऑक्सिजन संपवून टाकतं, आणि खाली जड हवा साठून राहते.

"ऑक्सिजन न्हाई, उजेड न्हाई, ट्रक न्हाई," सर बोटं मोजत म्हणाले. "आन उन्हाळा-हिवाळा एकच. आपल्या घरात काचपेटी हाय की ओ. बापजाद्यांनी खांदून ठेवलीया."

मी हसले. सहा महिन्यांनी हसू बंद झालं. वाड्यामागचं जुनं पेव अण्णांनी साफ करून दिलं. खाली दोन पोती किडकी जवारी टाकली आणि ती कुणी खायची नाही असं घरात बजावलं. वहिनींनी शिळेला हळदकुंकू लावलं. आत कुणी उतरायचंच नाही, सहा बाटल्या टोपलीत ठेवून दोरीनं सोडायच्या आणि तोंड लगेच लिंपायचं, अशी सरांची सक्त ताकीद होती. चाळीस दिवसांनी टोपली वर आली तेव्हा बाटल्या लाल होत्या, आणि तळाला गव्हाच्या दाण्याएवढे स्फटिक होते. सर ते घेऊन एस. टी.नं नांदेडला आले ते मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. माझ्या टेबलावर बाटली ठेवली आणि सातपर्यंत न मोजता बोलले, "बगा." त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

त्यानंतर पेवाचा कारभार अण्णांकडे गेला. सरांना रजा मिळायची नाही, म्हणून फोनवर व्यवहार चाले. मी समोर बसलेली असायची आणि अण्णांचा आवाज इतका खणखणीत, की स्पीकर लावायची गरज नसे.

"माधू, किती दिस झाले रे?"

"एकतीस, अण्णा. उघडू नगंस."

"उघडतो कशाला? लिंपण तडकलं व्हतं, फिरून लिंपलं. तुझं ते दिसलं का न्हाई अजून?"

"न्हाई. यंत्राचा नंबर लागंना."

"लागंल. धीर धर. मी बगून राहिलो हितलं."

अण्णांना रेणू म्हणजे काय ते कळत नव्हतं. धाकट्या भावाला काहीतरी बघायचंय आणि ते अजून दिसलेलं नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं कळत होतं.

जर्मनीतल्या त्या यंत्रासाठी आम्ही दोनदा अर्ज केला, दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा मंजूर झाला. पाच दिवस आपले. सरांनी पासपोर्ट काढला आणि नांदेडच्या ऐन मे महिन्यात दुकानदाराला हुडकायला लावून स्वेटर विकत घेतला. तो घालून ते मला दाखवायला आले. घामानं निथळत होते, पण काढायला तयार नव्हते. इतका आनंदी माणूस मी तरी नंतर पाहिला नाही.

निघायला आठ दिवस होते. बाटल्या काढायला सर रविवारी गावी जाणार होते. शनिवारी त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. माधूची दगदग वाचावी म्हणून अण्णांनी शनिवारीच सकाळी शिळा बाजूला केली. टोपली वर ओढताना कडेला अडली, कलंडली आणि एक बाटली खाली जवारीवर पडली. नेमकी निळा दोरा बांधलेली. निळा दोरा म्हणजे सगळ्यात चांगला स्फटिक, हे अण्णांना माहीत होतं.

वहिनींनी नंतर मला सांगितलं, तसंच लिहिते. "मी म्हनलं, अर्धा दिस उघडं ऱ्हाऊ द्या, कंदील सोडू. तर म्हनले, 'पडून झाकण ढिलं झालं असंल, हवा लागली की हिरवं पडतंय ते. माधूनं धा येळा सांगितलंय. मी दम धरून जातो आन येतो.' शिडी लावली. खाली गेले, बाटली टोपलीत ठिवली, म्हनले 'वड.' मी वडली. टोपली आली वर."

जन्मभर दुसऱ्यांना ओरडून ओरडून कंदील सोडायला लावणारा माणूस. बाटली फुटली नव्हती. हिरवीही पडली नव्हती.

मी मातीला गेले होते. सर कोपऱ्यात उकिडवे बसले होते. मी निघताना वहिनी आतून आल्या आणि पदराखालून त्यांनी ती बाटली माझ्या हातात दिली. "न्या. हे वर आलंय तर न्या." मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला काई विचारू नगा."

मी एकटीच जर्मनीला गेले. शेजारी सरांच्या सीटवर कुणी तरी परदेशी बाई झोपली होती. यंत्रावर निळ्या दोऱ्याचाच स्फटिक लावला, आणि चौथ्या दिवशी दुपारी पडद्यावर चित्र आलं. दोन तळहात कललेले. अगदी सर दाखवायचे तसे. तिथले लोक टाळ्या वाजवू लागले आणि मी बाहेर जाऊन एका भिंतीला टेकून रडले. हे ज्यानं बघायचं तो तिकडे पेवात दगडमाती लोटून ते बुजवत होता.

सरांनी नोकरी सोडली. फोन उचलायचे, पण मी चित्राचं नाव काढलं की "बरं, ठेवतो," म्हणायचे. मेल पाठवल्या, त्या उघडल्याच नसाव्यात. शोधनिबंध छापताना नाव घालायची परवानगी मागितली तर म्हणाले, "घाला न्हाईतर काढा. मला त्यातलं काई बघायचं न्हाई." ज्याच्या बघण्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यानेच डोळे मिटून घेतले होते. मला त्यांची आठवण यायची ती दुपारी, चहाच्या वेळेला. फार यायची. कुणी तरी रिकाम्या वर्गातून "सबूर" म्हणावं, असं वाटायचं.

दोन वर्षांनी लातूरला पेपर तपासायला गेले होते. काम लवकर आटोपलं, आणि पाय आपोआप स्टँडकडे वळले. शिरूर अनंतपाळची गाडी मिळाली, पुढे काळीपिवळी जीप. पर्समध्ये त्या चित्राचा छापील कागद होता. तो मी दोन वर्षं उगीच बरोबर बाळगत होते.

सर ओट्यावर तूर निवडत बसले होते. दाढी पांढरी झालेली. मला बघून उठले, "या मॅडम," म्हणाले, घोंगडी झटकून टाकली. कॉलेजचं विचारलं, प्राचार्यांचं विचारलं. पाऊस, सोयाबीन, माझ्या मुलीची बारावी, सगळं बोलून झालं. मग मी धीर करून कागद काढला.

"नगं," ते म्हणाले. ओरडले नाहीत. नुसतं तोंड फिरवलं.

मी कागद परत घडी करणार, तोवर वहिनी दारातून बाहेर आल्या. हात पदराला पुसले आणि पुढे केला. "आना हिकडं. मला दावा. ह्याच्यापायी गेले ना ते? ह्यांना बघायचं नसंल तर नसू द्या. मी बघीन."

कागद त्यांनी घेतला. उलटा धरला, मग सुलटा. बराच वेळ बघितला. "काय हाय हे?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण वहिनी माझ्याकडे बघतच नव्हत्या. दिराकडे बघत होत्या. सरांनी खाली मान घालून तुरीत बोटं फिरवली. सात मोजायला लागतात तेवढा वेळ गेला असेल, कदाचित जास्त. मग ते उठले आणि वहिनींच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"हे तांबं," ते म्हणाले. आवाज फुटत नव्हता. "मधी. आन ही दोन पानं. हितं उभं-आडवं बसल्यात, हा अंधारातला फोटो. हा दुसरा उजेड पडल्यावरचा. हे पान कललं बगा हिकडं. माझ्या अंदाजापरीस जास्तच कललंय..." बोलता बोलता आवाज मोकळा झाला. तो वर्गातला आवाज होता. दोन वर्षांनी ऐकत होते मी तो. बोट कागदाच्या कडेला गेलं आणि थांबलं. "मॅडम, हा शेजारचा रेणू सरकलाय. ह्याला कलायला जागा करून द्यायला म्हणून सरकलाय. हे तुमी लिव्हलं का?"

"नाही सर. आम्हाला कुणाला दिसलं नाही ते."

"दिसलं न्हाई?" त्यांनी कागद वहिनींच्या हातातून काढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "अवो, केवढं सरकलंय."

वहिनी शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग आता ते तसंच वाकडं ऱ्हातंय का?"

सर शिकवण्याच्या भरात होते. "न्हाई वैनी. मागं येतंय. दर खेपंला जसंच्या तसं मागं येतंय. म्हणून तर फोटो निघतो."

"बरं हाय बाई त्याचं," वहिनी म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सर तसेच उभे राहिले. चहा झाला. पितानाही त्यांनी कागद खाली ठेवला नाही. शेवटची काळीपिवळी आली म्हणून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तशी मी उठले. वहिनी पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. गाडीत बसून मी मागे पाहिलं. सर ओट्याच्या कडेला, उन्हाच्या बाजूला बसले होते, कागदावर पार वाकून. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मधूनच तो लांब धरत होते, डोळे बाहीला पुसत होते आणि पुन्हा जवळ आणत होते. मी हात हलवला. त्यांनी वर पाहिलं नाही.